दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशोब नेमका कसा होतो

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जेएफके या दोन विमानतळांमध्ये सुमारे ५,५५५ किलोमीटर अंतर आहे. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. तरी वेळापत्रकात लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास आणि परत यायला सात तास लिहिलेले असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. इंजिन नेहमीचं, वेगाची मर्यादा नेहमीची, अंतरही नेहमीचंच.

हा फरक समजला की बाकीचा हिशोब सोपा होतो. अंतर आपण जमिनीवर मोजतो, पण विमान हवेतून उडतं आणि ती हवा स्वतः चालत असते. इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ असे दोन आकडे लगेच मिळतात. त्यातला पहिला बऱ्यापैकी पक्का असतो, दुसरा फक्त अंदाज असतो. हे दोन्ही आकडे येतात कुठून ते पाहू.

सरळ रेघ नकाशावर नसते

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता, असं वाटणं साहजिक आहे. पण नकाशा हा गोल पृथ्वी ताणून सपाट केलेला कागद. ध्रुवांकडचा भाग त्यात सर्वांत जास्त ताणला जातो. म्हणून खरा जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो आणि पट्टीने काढलेली सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची निघते.

खरा रस्ता बघायचा तर पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घ्यायचा. दोऱ्याचं एक टोक एका शहरावर, दुसरं टोक दुसऱ्या शहरावर धरायचं आणि दोरा घट्ट ओढायचा. दोरा आपोआप सरकून जिथे बसतो, तो सर्वांत छोटा मार्ग. याला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वीवर उमटवलेलं सर्वांत मोठं वर्तुळ. विषुववृत्त हे बृहद्वृत्तच आहे, रेखावृत्तंही तशीच. बाकीची अक्षवृत्तं मात्र तशी नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

एक हिशोब तोंडी करता येतो. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंना, दोन ठिकाणं आहेत असं धरू. अक्षवृत्ताच्या कडेकडेने पूर्वेला जात राहिलं तर सुमारे १०,००७ किलोमीटर पडतात. तेच सरळ उत्तरेला जाऊन ध्रुव ओलांडला आणि पलीकडे उतरलं, तर ३० आणि ३० मिळून ६० अंश, म्हणजे सुमारे ६,६७२ किलोमीटर. एक तृतीयांश अंतर वाचलं.

सिंगापूर ते न्यूयॉर्क हे याचं खरं आणि टोकाचं उदाहरण. नियमित प्रवासी सेवांमध्ये इतका लांब विनाथांबा प्रवास क्वचितच आहे. अंतर सुमारे १५,३४० किलोमीटर. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं, न्यूयॉर्क ४० अंश उत्तरेला, आणि दोघांच्या रेखांशात जवळपास १७८ अंशांचा फरक. दोरा ओढून पाहिला तर तो सिंगापूरहून जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघतो, उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जातो आणि पलीकडच्या बाजूने न्यूयॉर्कला उतरतो. म्हणजे कागदावर तरी हा रस्ता पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही.

दक्षिण गोलार्धात हेच उलटं होतं. चिलीतलं सँटियागो आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी, दोन्ही ३३-३४ अंश दक्षिणेला. मधे पॅसिफिक महासागर. नकाशावर आडवी रेघ ओढावीशी वाटते, पण ती सुमारे १२,८०० किलोमीटरची. बृहद्वृत्ताचा मार्ग साधारण ११,३४० किलोमीटरचा आहे आणि तो थेट ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दाराशी जाऊन वर येतो.

अंतर स्वतः काढायचं असेल तर

लागतात फक्त चार आकडे: दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. सूत्र असं आहे:

कॉस(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कॉस(अक्षांश १) × कॉस(अक्षांश २) × कॉस(रेखांशांतला फरक)

हा कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन विमानतळांमध्ये होणारा कोन. तो अंशांत मिळाला की त्याला १११.१९५ ने गुणायचं, किलोमीटर मिळतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एक अंशाचा कंस तेवढा येतो.

हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश. पहिला गुणाकार ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५. दुसरा ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६. बेरीज ०.६४५१. हा ज्याचा कॉस आहे तो कोन ४९.८३ अंश. १११.१९५ ने गुणल्यावर सुमारे ५,५४० किलोमीटर.

पण सुरुवातीला तर ५,५५५ म्हटलं होतं. हे पंधरा किलोमीटर पृथ्वीच्या आकारातून येतात. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांशी ६,३५७. वरचं सूत्र तिला चेंडूसारखी गोल धरतं, नेमकी साधनं तिला किंचित चपटी धरतात. या गोष्टीमुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. म्हणून दोन संकेतस्थळांवर दोन वेगळे आकडे दिसले आणि फरक एवढाच असेल, तर दोन्ही बरोबर आहेत. फरक दोन-चार टक्क्यांचा असेल तर मात्र काहीतरी चुकलंय.

काय चुकू शकतं? सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे चिन्ह. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे लिहावे लागतात. सिडनीचा अक्षांश ३३.९५ दक्षिण आहे. उणे चिन्ह राहून गेलं तर सूत्राला वाटतं सिडनी जपानच्या पूर्वेला समुद्रात आहे, आणि लंडन-सिडनी अंतर १७,००० ऐवजी १०,१०० किलोमीटर येतं. आकडा दिसायला अगदी बरोबर वाटतो, हाच धोका.

दुसरी चूक अंश-मिनिटांची. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं असा दिलेला असतो. तो ५१.२८ नाही. २८ ला ६० ने भागायचं, म्हणजे ५१.४७. एवढ्याशा चुकीने विमानतळ २१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. तिसरी चूक संगणकाच्या तक्त्यात होते: तिथली साइन-कॉस ही फंक्शन्स अंश नाही, रेडियन (कोन मोजण्याचं दुसरं एकक) मागतात. अंश तसेच टाकले तर उत्तर काहीच्या काही येतं. त्यामुळे ही चूक निदान लगेच पकडली जाते.

चौथी चूक गणिताची नाही, नावाची आहे. लंडनला हीथ्रो आहे, गॅटविक आहे, आणखीही आहेत. टोकियोला हानेडा आणि नारिता. न्यूयॉर्ककडे जेएफके, लाग्वार्डिया आणि नदीपलीकडे नेवार्क. सिडनी नावाचं तर कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही एक गाव आहे आणि तिथेही विमानतळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा कोड एसवायडी, कॅनडातल्या सिडनीचा वायक्यूवाय. म्हणून शहराच्या नावावर कधीच विसंबू नये, तीन अक्षरी कोड बघावा.

आणि एकक. विमान क्षेत्रात अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल बरोबर १.८५२ किलोमीटर; नेहमीचा मैल १.६०९ किलोमीटर. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कोणता ते पाहायला हवं, कारण फरक पंधरा टक्क्यांचा आहे. सागरी मैलाची एक सोय अशी की अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. उत्तर-दक्षिण अंतर त्यामुळे नुसतं नकाशा बघून सांगता येतं.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, मग वरचं वर्तुळ मोठं नाही का, असाही प्रश्न पडतो. असतं, पण अगदी थोडं. सिंगापूर-न्यूयॉर्क एवढ्या लांबीवरही त्याने जेमतेम २५-२६ किलोमीटर वाढतात.

विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही

बृहद्वृत्ताचं अंतर म्हणजे किमान अंतर. त्याहून कमी कोणी उडू शकत नाही. प्रत्यक्षातला मार्ग नेहमी थोडा जास्तच असतो.

कधीकधी ही वाढ थोडी नसते, खूप मोठी असते. हेलसिंकी ते टोकियो हे त्याचं ठळक उदाहरण. सरळ मार्ग सुमारे ७,८०० किलोमीटरचा, जवळपास पूर्ण रशियावरून जाणारा. प्रवास साडेनऊ तासांचा होता. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. तेव्हापासून ही विमानं एकतर उत्तर ध्रुवावरून वळसा घालून अलास्काच्या बाजूने जपानला उतरतात, किंवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जातात. वेळ तेरा तासांच्या घरात गेला. दोन विमानतळ एक इंचही हलले नाहीत आणि अंतर दाखवणारी संकेतस्थळं अजूनही ७,८०० हाच आकडा देतात. म्हणून लांबच्या प्रवासाचा वेळ काढताना मार्गातलं एखादं आकाश बंद आहे का, हे आधी बघावं लागतं.

दुसरं बंधन इंजिनांचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात कुठल्यातरी विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत ही मर्यादा ६० मिनिटांची होती. त्यामुळे दोन इंजिनांच्या विमानांना समुद्र ओलांडताना बेटांच्या आधाराने वाकडंतिकडं जावं लागे. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी सुरू झाली. इंजिनांची विश्वासार्हता वाढत गेली तशी ही मर्यादाही वाढली. एअरबस ए३५० ला आता ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळू शकते. दक्षिण पॅसिफिकसारख्या ओसाड भागात पूर्वी चार इंजिनांचीच विमानं लागत, तिथे आता दोन इंजिनांची जातात, त्यामागे हे कारण आहे.

ध्रुवाजवळून जाताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: इंधनाचं तापमान. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सियस, अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए चा उणे ४०. बाहेरची हवा उणे ६५ किंवा त्याहूनही थंड असू शकते. मग इंधन गोठत का नाही? विमानाच्या वेगामुळे पंखावर आदळणारी हवा दाबली जाऊन पंचवीस-तीस अंशांनी गरम होते, म्हणून पंखातल्या टाक्या वाचतात. तरीही आठ-दहा तासांत इंधन हळूहळू गार होत जातं. कॉकपिटमधला त्याचा आकडा मर्यादेजवळ आला की वैमानिक विमान खाली, जरा उबदार हवेत आणतात किंवा वेग थोडा वाढवतात. वेळेचा हिशोब इथेही दहा-पाच मिनिटांनी हलतो.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळच्या वळणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वारा ज्या दिशेने असेल त्याच्या समोर उडावं आणि उतरावं लागतं, त्यामुळे कधी उलट्या दिशेने उड्डाण करून वळून यावं लागतं. लांबच्या प्रवासात हे किरकोळ, छोट्या प्रवासात जाणवण्याइतकं.

वेळ: हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग

मोठ्या प्रवासी विमानांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत सांगतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० साधारण ०.८५ माखने उडतात, छोट्या पल्ल्याची ए३२० आणि ७३७ ०.७८ च्या आसपास. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या जवळ असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. त्याचे ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. हा हवेतला वेग, आणि तो फारसा बदलत नाही.

बदलतो तो जमिनीवरचा वेग, कारण त्यात वारा मिळतो किंवा वजा होतो. मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी तो अहवाल एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला आणि बाहेरच्या जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. या पट्ट्यांत ताशी १५०-२०० किलोमीटरचा वारा नेहमीचा. हिवाळ्यात तो ३०० च्याही पुढे जातो. वर सांगितलेल्या ४ तास ५६ मिनिटांच्या प्रवासात विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच पळत होती.

आकड्यांत बघू. ५,५४० किलोमीटर अंतर, हवेतला वेग ९००, वारा १५०. पाठीवर वारा असेल तर १,०५० च्या वेगाने ५ तास १७ मिनिटं. समोरून वारा असेल तर ७५० च्या वेगाने ७ तास २३ मिनिटं. दोन्ही मिळून १२ तास ४० मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा नेहमी मोठं असतं. ‘जाताना उशीर, येताना लवकर, सरासरी तीच’ हा समज इथे मोडतो.

यामुळेच मार्ग ठरवणारी माणसं सर्वांत छोटा मार्ग शोधत नाहीत. ती शोधतात सर्वांत कमी वेळाचा, किंवा कमी इंधनाचा मार्ग. सिंगापूर-न्यूयॉर्क सरळ ध्रुवाजवळून गेलं आणि वारा शून्य असला, तर ९०० च्या वेगाने १५,३४० किलोमीटरला १७ तास ३ मिनिटं लागतील. तेच विमान पॅसिफिकवरच्या जेट प्रवाहात शिरून १६,६०० किलोमीटरच्या वळशाने गेलं आणि त्याला सरासरी ८० किलोमीटरचा वारा पाठीवर मिळाला, तर १६ तास ५६ मिनिटं. बाराशे किलोमीटर जास्त उडूनही सात मिनिटं आधी. प्रत्यक्षात सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान बहुधा पॅसिफिकवरूनच जातं. अटलांटिक महासागरावर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन दिवसातून दोनदा नवे मार्ग आखले जातात: दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वारा टाळणारे, रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वारा पकडणारे.

एक गैरसमज इथेच मिटवायला हवा. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून जमीन सरकत येते आणि ते लवकर पोहोचतं, असं अनेकांना वाटतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि उडण्याआधी विमानही तिच्यासोबत फिरतच असतं. त्यामुळे फिरण्याचा असा थेट फायदा मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे, आणि तो नेमका उलट: पश्चिमेला जाताना वेळ जास्त.

वैमानिक वेग वाढवून उशीर का भरून काढत नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. ०.८५ वरून ०.८६ माख केलं तर वेग सव्वा टक्क्याच्या आत वाढतो. चौदा तासांत त्याने दहा मिनिटं वाचतात आणि इंधन त्या मानाने जास्त जळतं. उशीर झाल्यावर मधे वेळ ‘काढता’ येतो, पण इतकाच.

घरबसल्या अंदाज

आता एक कामचलाऊ पद्धत. बृहद्वृत्ताचं अंतर घ्या, मोठ्या विमानासाठी ९०० ने आणि छोट्यासाठी ८३० ने भागा. त्यात चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा. विमान पूर्ण वेग पकडायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा वैमानिकांचा हिशोब आहे, म्हणजे ३६,००० फुटांवरून उतरायला सुमारे दोनशे किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते. शिवाय अनेक देशांत दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटवर, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरवर आणावा लागतो.

हा झाला हवेतला वेळ. तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो ब्लॉक टाइम: चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागचं हलल्यापासून, पोहोचल्यावर ठोकळे पुन्हा लागेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं हे सगळं येतं. गर्दीच्या विमानतळांसाठी आणखी अर्धा तास धरा. लंडन-न्यूयॉर्कवर ताडून बघा: ५,५४० भागिले ९०० म्हणजे ६ तास ९ मिनिटं, अधिक अर्धा, अधिक अर्धा, सव्वासात तासांच्या जरा आत. वेळापत्रकातले सात आणि आठ तास याच्या आजूबाजूला बसतात. पूर्वेला जाताना थोडं कमी करा, पश्चिमेला जाताना तासभर वाढवा, आणि हिवाळ्यात हा फरक आणखी ताणा.

छोट्या प्रवासात हा एक तासच मोठा असतो. ५०० किलोमीटरच्या उड्डाणात प्रत्यक्ष पूर्ण वेगाने उडणं थोडाच वेळ, बाकी सगळं चढणं, उतरणं आणि जमिनीवरची हालचाल. म्हणून अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही.

लांबच्या टोकाला वेगळी अडचण येते: इंधनाचं वजन वाहायलाही इंधन लागतं. जास्तीचं एक टन इंधन बरोबर घेतलं तर त्यातलं तीन टक्क्यांच्या आसपास दर तासाला ते वाहण्यातच जळतं. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की ते थेट ३९,००० फुटांवर जाऊ शकत नाही. ३१-३३ हजारांवर उडत राहतं आणि वजन घटेल तसं पायरीपायरीने वर चढतं. प्रवासाच्या इंधनाशिवाय साधारण पाच टक्के अनिश्चिततेसाठी, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटची तीस मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं इंधन राखावं लागतं. सिंगापूर-न्यूयॉर्कसाठी वापरलेल्या ए३५०-९०० यूएलआर विमानात इंधनाची क्षमता १,४१,००० वरून १,६५,००० लिटर केली गेली आणि आसनं फक्त १६१ ठेवली गेली. पृथ्वीवरचं कुठलंही ठिकाण दुसऱ्यापासून साधारण २०,००० किलोमीटरहून लांब असू शकत नाही. ९०० च्या वेगाने हे बावीस तासांचं काम आहे, म्हणजे वेगाचा प्रश्न नाहीच, प्रश्न वजनाचा आहे.

मधे थांबा असेल तर

थांब्यामुळे अंतर फार वाढतं असं नाही, तो कुठे आहे त्यावर ते अवलंबून. लंडन-सिडनी सरळ सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,८८० आणि ६,३०० मिळून १७,१८०, एक टक्काच जास्त, कारण सिंगापूर जवळपास त्याच दोऱ्यावर आहे. दुबईमार्गे सुमारे १७,५००, तीन टक्के जास्त. वेळ मात्र प्रत्येक थांब्याला वाढतो: एकदा जास्तीचं उतरणं, एकदा जास्तीचं चढणं, दोनदा धावपट्टी आणि गेट यांच्यामधलं विमानाचं जमिनीवरून जाणं, आणि मधली वाट बघण्याची वेळ. म्हणून थांबा निवडताना अंतराकडे कमी आणि जोडविमानाच्या वेळेकडे जास्त बघावं. तिकिटावर ‘डायरेक्ट’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ विनाथांबा असा होत नाही. एकाच क्रमांकाचं विमान मधे उतरून पुढे गेलं तरी ते डायरेक्टच. थांबा नको असेल तर ‘नॉनस्टॉप’ हा शब्द शोधावा.

तिकिटावरची घड्याळं

निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची. त्यांची थेट वजाबाकी केली की वेळ चुकतो. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत आणायच्या आणि मग वजाबाकी करायची. टोकियोहून हिवाळ्यात संध्याकाळी पाचला निघालं, तर टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे म्हणून यूटीसीत सकाळचे आठ. दहा तासांनी यूटीसीत संध्याकाळचे सहा. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या आठ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे दहा वाजलेले, आणि तारीखही तीच. तिकिटावर विमान निघण्याच्या सात तास आधी पोहोचलेलं दिसतं. उलट दिशेने येताना पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत अधिक एक किंवा अधिक दोन असं लिहिलेलं असतं. ती तारीख पुढे गेल्याची खूण. हॉटेल किंवा पुढचं तिकीट काढताना तीच सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते.

सगळे देश पूर्ण तासांनीच पुढे-मागे नाहीत. काठमांडू ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, अॅडलेड उन्हाळी वेळ नसताना ९ तास ३० मिनिटं. आणि उन्हाळी वेळेमुळे दोन शहरांतला फरकही वर्षभर एकच राहत नाही. लंडन आणि सिडनी यांच्यात उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात ११ तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात ९ तासांचा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीची घड्याळं पुढे जातात, लंडनची मात्र त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, त्यामुळे मधले काही आठवडे फरक १० तासांचा राहतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंतही तसंच. या दिवसांतलं तिकीट असेल तर फरक मागच्या प्रवासावरून धरू नये, त्या तारखेचा नव्याने तपासावा.